मोडीतून वाचलेल्या वज्र्या

लग्नाच्या निमित्ताने पुण्यात होते आणि दुपार मोकळी सापडली, म्हणून बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरले. तिथवर पोचेपर्यंत त्या रस्त्याने जीव नकोसा केला, ते असो.

बहुतेकांची पावलं आधी मस्तानी महालाकडे वळतात. कोथरूडचा महाल उतरवून इथे पुन्हा उभा केलाय. पण आत दाटी फार, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी सिनेमा. मी लगेच काढता पाय घेतला.

अडकले ती वज्र्यांपाशी. वज्री म्हणजे न्हाताना टाचा घासायची. खालून खरखरीत केली की काम झालं, वरून कोण बघतंय? पण ओताऱ्याने तिथेच जीव ओतलाय. मुठीत मावेल एवढ्या पितळेवर कुठे मोर, कुठे घोडा, कुठे नुसती झोकदार कमान. काही वज्र्या तर घासताना खुळखुळ वाजाव्यात म्हणून पोकळ केलेल्या असत. न्हाणीघराच्या अंधारात, टाचेखाली जाणाऱ्या वस्तूसाठी एवढा उपद्व्याप! देवघरातल्या समईचं नक्षीकाम मला एवढं हलवत नाही. ते चारचौघांत मिरवायचंच असतं.

शेजारी साठीच्या एक काकू सुनेला सांगत होत्या, "अगं, असल्या आमच्याकडे ढिगाने होत्या. सगळं पितळ मोडीत घातलं आणि स्टील घेतलं." वर चेहऱ्यावर समाधान! माझं डोकंच फिरलं. मग त्या म्हणाल्या, "चिंच लावून घासून घासून बोटं फुटायची गं. वर त्या कल्हईवाल्याची वाट बघा." यावर मी काय बोलणार? वारसा वगैरे म्हणायला माझं काय जातंय, माझ्या घरी भांडी घासायला बाई येते.

घरोघरचं हे पितळ मोडीत निघत असतानाच दिनकर केळकर ते गोळा करत होते. 1920 च्या सुमारास सुरुवात, 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारा हा माणूस. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि 1975 मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं. वीस हजारांहून जास्त वस्तू, मांडलेल्या जेमतेम अडीच हजार. तलवारी इथेही आहेत, पण माणसाचा जीव अडकित्ते, दौती, फण्या, दिवे यांतच जास्त रमलेला दिसतो. राजांची हत्यारं जपायला पुष्कळ जण असतात.

पुढचे मजले मी त्या काकूंच्या मागे मागेच फिरले. पाटीवर 'फणी' एवढं वाचून मी पुढे सरकणार, तर त्या थांबवायच्या. "हिच्या पोटात तेल घालायचं. विंचरताना दातांतून आपोआप केसांत उतरतं." अडकित्त्यापाशी तर हवेत सुपारी कातरूनच दाखवली. सून कंटाळून बाकावर जाऊन बसली, तशा काकूंना मीच श्रोता उरले.

विंचवाच्या आकाराच्या कुलपापुढे मात्र त्या वाकून वाकून बघत राहिल्या. मी विचारलं, "काकू, किल्ली कुठून घालायची याला?"

"मला काय विचारतेस? आमच्याकडे कुलूप लावण्यासारखं होतं काय!"