शारदोत्सवातलं पहिलं फूल

आमच्या गिरगावातल्या मंडळाच्या शारदोत्सवात पाटावर सरस्वतीची तसबीर, तिच्यासमोर मुलांची वह्या-पुस्तकं आणि सगळ्यांत वर खाकी कव्हरातलं, संस्कृत सुभाषितांचं जाडजूड ‘सुभाषितरत्नभाण्डागार’ असायचं. अप्पा पहिलं फूल त्या पुस्तकालाच वाहायचे. का, ते आम्हाला पाठ होतं, तरी दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. मग ते ज्यांच्या छापखान्यातून निघालं, त्या जावजी दादाजींची गोष्ट सुरू व्हायची.

जावजींचा जन्म १८३९चा. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, घासायला लागले. आम्हीही त्याच वयाचे, त्यामुळे इथे सगळी सतरंजी गप्प व्हायची. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. तो होता ती कोलभाट लेन आमच्यापासून चालत जाण्याइतकी जवळ, याचं मला फार अप्रूप वाटे. त्या खिळ्यांसाठी अक्षरांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू, हे नाव अप्पा दोनदा घ्यायचे. स्वतः जुळारी म्हणून, खिळे जुळवण्यात आयुष्य काढलेल्या अप्पांना ते नाव मागे पडलेलं सोसत नसे.

१८८६ साली निर्णयसागरची ‘काव्यमाला’ ही संस्कृत काव्यांची माला सुरू झाली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब पोथ्या ताडून पाहून पाठ ठरवत आणि एरवी कुणाच्या तरी दप्तरात पडून राहिली असती अशी काव्यं मासिकातून लोकांच्या हाती पडत. जावजी १८९२ साली गेले, पण त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजींनी काम पुढे चालवलं. संस्कृतची इतकी देखणी, इतकी निर्दोष छपाई मी पुढेही फारशी पाहिली नाही. जोडाक्षर कितीही अवघड असो, डोळा अडखळत नाही.

‘सुभाषितरत्नभाण्डागार’ही परबांनीच सिद्ध केलेलं. विषयवार लावलेले दहा हजारांहून अधिक श्लोक! आमचा सगळा खेळ त्यावरच चाले. चिठ्ठीत ‘पाऊस’ निघाला की पावसावरचा श्लोक म्हणायचा, ‘सज्जन’ निघाला की सज्जनांवरचा. शब्द चुकला अशी तक्रार आली की अप्पा चष्मा लावून पान काढत. पुस्तकात असेल ते खरं. एकदा माझा श्लोक बरोबर निघाला तेव्हा त्यांनी ती ओळ मला बोटाने चाचपायला लावली. पानाच्या मागच्या बाजूला अक्षरांचा उठाव लागत होता.

शेवटी ते खिशातून रुमालात बांधलेला एक खिळा काढत. त्यावरचा ‘ज’ उलटा. तो हातोहात फिरे, प्रत्येक जण अंगठ्यावर दाबून पाही आणि कातडीवर ‘ज’ सुलटा उमटे. खिरापत घ्यायला हात पुढे केला तेव्हाही माझ्या अंगठ्यावर तो पुसटसा दिसत होता.