ताईची डीपफेक जाहिरात काढायला लावली, त्याचा माझा अनुभव

माझी ताई मुलुंडला फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघ्याच्या व्यायामाचे छोटे व्हिडिओ टाकते. गेल्या वर्षी कोणीतरी त्यातून तिचा चेहरा आणि आवाज उचलला आणि एआय वापरून तिच्या तोंडून सांधेदुखीची पावडर विकायला काढली. आणि ही साधी पोस्ट नव्हती हो, वर स्पॉन्सर्ड लिहिलेलं, म्हणजे प्लॅटफॉर्मने पैसे घेऊन दाखवलेली जाहिरात. तिच्या एका पेशंट आजींनी ती पावडर मागवली, घेतली, आणि क्लिनिकमध्ये येऊन विचारलं की किती दिवस घ्यायची, तेव्हा आम्हाला कळलं.

आधी सगळे करतात तेच केलं, घरचे, मित्र, बिल्डिंगचा ग्रुप, सगळ्यांनी ॲपमधून रिपोर्ट केलं. उत्तर आलं, यात आमच्या नियमांचा भंग होत नाही. जिचा चेहरा आहे तीच सांगतेय की ही मी नाही, आणि तरी भंग नाही! ताई त्या रात्री जेवली नाही.

मग एका वकील मैत्रिणीने सांगितलं की रिपोर्टचं बटण सोडा, थेट प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आयटी नियम २०२१, म्हणजे अशा प्लॅटफॉर्मसाठीचे केंद्र सरकारचे नियम, त्यांनुसार प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, आणि ५० लाखांहून जास्त युजर असतील तर तो अधिकारी भारतात राहणारा लागतो. आम्ही मेलमध्ये नियम ३(२)(बी) स्पष्ट लिहिला. मॉर्फ केलेली, म्हणजे फेरफार केलेली, इमेज वापरून कोणी तुमचं सोंग घेतलं तर ते यात येतं, आणि तक्रार त्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कोणीही करू शकतं. तेव्हा काढायची मुदत २४ तास होती, २० फेब्रुवारी २०२६ पासून ती २ तासांवर आणलीय.

मेलसोबत जाहिरातीची लिंक, अकाउंटचं नाव, तारीख-वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ताईचा मूळ व्हिडिओ जोडला. नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका, लिंक लागतेच. आणि बघा बघा म्हणत तो व्हिडिओ स्वतः फॉरवर्ड करू नका.

तरी नकारच आला. मग तक्रार अपील समितीकडे गेलो, २०२३ पासून केंद्र सरकारच्या या समित्या आहेत, सगळं ऑनलाइन. अधिकाऱ्याचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, म्हणून ते उत्तर जपून ठेवा. तिकडे cybercrime.gov.in हे सरकारी पोर्टल आहे सायबर गुन्ह्यांचं, त्यावरही तक्रार टाकली. पोलीस स्टेशनला बसलेल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं, आयटी कायद्याचं कलम ६६डी, म्हणजे ऑनलाइन सोंग घेऊन फसवणूक, लागू शकतं म्हणाल्या, आणि पावडरचे पैसे गेलेत म्हणून आजींच्या मुलाला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावला.

अपिलानंतर जाहिरात उतरली. पण तोवर ती किती घरांत पोचली कोण मोजणार, आणि दुसऱ्या अकाउंटवरून तीच पुन्हा आली तेव्हा परत पहिल्यापासून मेल.

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा डीपफेक आला तेव्हा त्याने स्वतः पोस्ट केली, अख्ख्या देशाला कळलं, मुंबईत गुन्हा दाखल झाला. ताईच्या मागे कोण उभं राहणार? आयटी कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी प्लॅटफॉर्मला संरक्षण मिळतं, ठीक आहे, कोट्यवधी पोस्ट असतात. पण इथे त्यांनी जाहिरात तपासून मंजूर केली, पैसे घेतले, आणि गुडघे दुखणारी म्हातारी माणसं शोधून त्यांनाच दाखवली. याला नुसतं मधला पोस्टमन कसं म्हणायचं? जाहिरात घेण्याआधी देणाऱ्याची ओळख तपासा, एकदा काढलेला व्हिडिओ परत चढताना स्वतः अडवा, आणि ज्यांना तो दाखवला त्या प्रत्येकाला कळवा की हा खोटा होता. हे शेवटचं तर आम्ही लेखी मागितलं होतं, त्यावर काहीच उत्तर नाही. ती मागणी आम्ही सोडलेली नाही, प्रत्येक मेलमध्ये परत लिहितोय.