बँकॉकमध्ये पैसे काढताना

आज चतुचक बाजाराबाहेर सोलापूरचे एक काका भेटले. एटीएममधून १,००० बाट काढत होते आणि पडद्यावर २२० बाट शुल्क दिसत होतं. "पोरी, हे बरोबर आहे का गं?"

बरोबरच होतं. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर तिथली बँक दर वेळी साधारण एवढं शुल्क घेते, रक्कम कितीही असो. हजारावर ते २२ टक्के होतं. एकदम २०,००० काढले तर जेमतेम १.१ टक्का. "काका, रद्द करा. बरोबरच्या सगळ्यांचे मिळून एकदाच काढा."

खरी गोम पुढच्या पडद्यावर होती. मशीन विचारतं, रुपयांत रूपांतर करून हवं का? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो आणि माणूस 'हो' दाबतो. पण तो दर मशीनवाल्या बँकेचा, त्यात तिचा नफा आधीच धरलेला. इथे नकारच द्यायचा. नकार दिला की पैसेच मिळणार नाहीत असं काकांना वाटत होतं, बऱ्याच जणांना वाटतं. मिळतात!

आपल्या बँकेचं मार्कअप, म्हणजे चलन बदलून देताना ती लावते तो जादा आकार, वेगळंच: साध्या डेबिट कार्डावर बरेचदा ३.५ टक्के, वर जीएसटी. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून न्यायचं कार्ड, घेणार असाल तर त्यात बाटच भरा. डॉलर भरलेत तर इथे पुन्हा चलनबदलाचा आकार बसतो.

सहल कंपन्या टोपी देतात, बॅग देतात. मग एवढं का सांगत नाहीत? मला याचा मनापासून राग येतो. आई-बाबांना पाठवत असाल तर निघण्याआधी तुम्हीच शेजारी बसून समजावून सांगा.