या सोंडेवरून त्या सोंडेवर

नैरोबीबद्दल घरी फोनवर सांगितलेली एकच गोष्ट बाबांना पटली नाही: हे शहर कळसूबाईपेक्षा उंच आहे. कळसूबाई 1,646 मीटर, नैरोबी सुमारे 1,795. म्हणजे कोथिंबीर आणायला खाली उतरलो तरी मी महाराष्ट्राच्या माथ्याच्या वरच!

पण डोंगर पायाला जाणवतो तो शहराबाहेर, लिमुरूकडे. मटाटूने (आपलं वडाप, फक्त गाणी दुप्पट मोठ्याने) तिथे उतरायचं आणि चहाच्या मळ्यांतून चालत सुटायचं. गेले वर्षभर माझे रविवार असेच जातात.

इथली जमीन कळायला मात्र वेळ लागला. अबरडेअरच्या रांगेतून लांबलचक सोंडा खाली उतरतात, पंजाच्या बोटांसारख्या. दोन सोंडांच्या मध्ये दरी, तळाला ओढा. गाडीरस्ते बहुतेक माथ्यावरून धावतात. त्यामुळे समोरच्या सोंडेवरचं घर, दोरीवरचे कपडे, सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं. गाडीने जायचं म्हटलं की भला मोठा वळसा. म्हणून या पायवाटा. सरळ खाली, ओढ्यावरची फळी, सरळ वर. किकुयु लोकांची वस्ती पूर्वीपासून अशी सोंडेसोंडेनेच वसलेली.

आपल्याकडे गडाची वाट गडावर जाते. इथली वाट कुणाच्या तरी शांबातून, म्हणजे शेतातून, जाते: केळी, मका, हत्ती गवताचा बांध, मग थेट कुणाचं तरी अंगण. सुरुवातीला चोरासारखं वाटायचं. मग कळलं, थांबून विचारपूस केली की झालं. ‘हबारी?’ (आपली ‘खबर’च ती, अरबीतून इथेही आलेली.) ‘वी म्वेगा?’ असं किकुयुत विचारलं तर हसून पुढची वाटही दाखवतात. मोबाइलच्या नकाशावर यातली निम्मीसुद्धा वाट नाही.

एप्रिलमध्ये मी आगाऊपणा केला. इथल्या मोठ्या पावसाळ्याचे दिवस, तांबडी माती लोण्यासारखी, आणि माझ्या पायात सह्याद्रीत मिरवलेले महागडे बूट. ओढ्याच्या अलीकडे दहा पावलांवर मी सपशेल बसलो आणि बसल्या बसल्याच पाण्यापर्यंत पोचलो.

मागून एक शोशो येत होती. शोशो म्हणजे आजी. पायात गमबूट, पाठीवर हत्ती गवताचा भारा, त्याचा पट्टा कपाळावर ताणलेला. मला बघून म्हणाली, ‘पोले.’ चूक तिची नव्हती, तरी इथे असंच म्हणतात. आपल्या ‘अरेरे’च्या जवळचं, पण जास्त मायेचं. मी घाईघाईने उठायला लागलो तशी म्हणाली, ‘पोले पोले.’ दोनदा म्हटलं की अर्थ बदलतो: हळूहळू.

मग ती फळीवरून पलीकडे गेली आणि चढाला लागली. मी तिच्या बुटांच्या ठशांत पाय ठेवत निघालो. धापा टाकत माथ्यावर आलो तेव्हा तिची गाय गवत खायला लागलीही होती.