उणे तीस अंशांत गळणारं ऑइल सील

कॅनडातल्या कॅल्गरीत रस्त्यावर नजर टाकाल तिथे पिकअप उभी असते, आणि तिला सगळे ट्रकच म्हणतात. शेती, तेलाच्या विहिरी, बांधकाम, घोड्यांचे ट्रेलर, उन्हाळ्यात तळ्यावर न्यायच्या बोटी, काही ना काही ओढायचं किंवा लादायचं असतंच. माझं काम बांधकामाच्या साइटवरचं. ट्रक बंद तर काम बंद. म्हणून यंदाच्या हिवाळ्यात मागच्या डिफरन्शियलमधून ऑइल गळायला लागलं तेव्हा त्या भागाचा मी मुळापासून अभ्यास केला. त्यातलं जे कळलं ते इथे लिहितोय, कारण गावाकडे बोलेरो आणि छोटा हत्ती चालवणाऱ्यांनाही ते जसंच्या तसं लागू पडतं.

त्या गाड्या खाली वाकून बघा. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा लोखंडी गोळा दिसेल, तोच डिफरन्शियल. पुढून आलेला शाफ्ट त्यातलं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, फिरवतो, पिनियन क्राऊन व्हीलला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला, फिरवतं, आणि ताकद काटकोनात वळून दोन्ही आक्सलना, म्हणजे चाकांच्या दांड्यांना, जाते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, तेही इथेच साधलं जातं. माझ्या ट्रकच्या जातीत हे सगळं दोन-अडीच लिटर गियर ऑइलवर चालतं. शाफ्ट जिथे आत शिरतो तिथे पिनियनचं ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, आणि दोन्ही टोकांना, चाकांपाशी, आक्सलची दोन सीलं. ही सीलं आणि गोळ्याच्या मागच्या झाकणाचं गॅस्केट, एवढ्यावरच ते ऑइल आत टिकून असतं.

मला यात सर्वांत काळजीची गोष्ट वाटते ती ही, की याचा डॅशबोर्डवर दिवा नसतो. इंजिन ऑइलचा दाब कमी झाला की दिवा लागतो, टायरमधली हवा कमी झाली तरी लागतो. डिफरन्शियलला दिवा नाही आणि दांडी घालून पातळी बघायची सोयही नाही. इथे हिवाळ्यात तर गाडीखाली कायम बर्फाचा चिखल, वितळलेलं पाणी, मीठ. त्यात तेलाचे थेंब दिसणार कसे? पिनियनचं पुढचं बेअरिंग ऑइलच्या साठ्यापासून लांब असतं. क्राऊन व्हील फिरताना जे ऑइल उडवतं तेवढंच त्याला मिळतं. पातळी उतरली की उपासमार आधी त्याची होते. मग हायवेवर ठरावीक वेगाला बारीक, लांबट घुमण्याचा आवाज येऊ लागतो. तो आवाज येईपर्यंत थांबलात तर खर्च सीलचा राहत नाही, सगळी गियर-बेअरिंगं बदलण्याचा होतो.

गळती नेमकी कुठून, हे ठरवायला घाई करू नये. गियर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. त्यावरून ते इंजिन ऑइल किंवा ब्रेक ऑइल नाही हे लगेच कळतं. पिनियनचं सील गळत असेल तर गोळ्याचा पुढचा भाग ओला होतो, आणि शाफ्टबरोबर फिरणारं फ्लँज, म्हणजे शाफ्ट पिनियनला जोडणारा भाग, ते तेल गोल उडवत असल्याने वरच्या पत्र्यावरही त्याचा पट्टा उमटतो. मागच्या झाकणाचं गॅस्केट असेल तर तेल झाकणाच्या कडेने उतरून सर्वांत खालच्या बोल्टवरून ठिबकतं. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या भिंतीवर ओल दिसली तर मात्र ते आक्सलचं सील, आणि तिथे एक दिवसही थांबू नये. ते तेल ब्रेकवर जातं. तेल प्यायलेले ब्रेक लायनर पुसून वापरायचे नसतात, बदलायचेच. बर्फाळ रस्त्यावर एका बाजूचा ब्रेक कमी धरला तर काय होईल ते सांगायला नको. नुसती ओल असेल, त्यावर धूळ बसली असेल आणि थेंब पडत नसेल, तर सगळं स्वच्छ धुवून थोडे दिवस चालवावं आणि पुन्हा बघावं. जुन्या ट्रकला एवढी ओल असतेच.

माझी गळती पिनियनची होती. पहिल्या गॅरेजने खाली डोकावून नवीन सीलचा अंदाज हातात दिला आणि विषय संपवला. शहराच्या ईशान्य भागात पंजाबी वस्ती मोठी आहे, तिथल्या एका पाजींकडे दुसरं मत घ्यायला गेलो. त्यांनी सीलकडे बघायच्या आधी विचारलं, "ब्रीदर किसी ने देखा?"

त्या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहितोय. डिफरन्शियल हा बंद डबा नाही. त्याला श्वास घ्यायला एक वाट ठेवलेली असते, तोच ब्रीदर. काही गाड्यांत आक्सलच्या नळीवर छोटी धातूची टोपी, काहींत वर चासीपर्यंत नेलेला रबरी पाइप. उणे तीसला रात्रभर गारठलेला ट्रक सकाळी हायवेवर निघाला की आतलं ऑइल तापतं, हवा फुगते आणि या वाटेने बाहेर जाते. चिखल, मीठ आणि गंज यांनी ती वाट बुजली तर दाब आतच राहतो आणि जिथे सर्वांत कमकुवत जागा मिळेल तिथून ऑइल ढकलतो. ती जागा म्हणजे सीलची रबरी कड. अशा वेळी नवं सील घातलं तरी काही महिन्यांत तेही गळणार, आणि दोष सीलच्या कंपनीला दिला जाणार. माझा ब्रीदर गच्च बुजलेला निघाला. कोकणात पावसाळ्यात पाण्यातून, लाल चिखलातून गाड्या घालणाऱ्यांनी हा भाग जरूर तपासावा. तापलेला आक्सल एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि पाणी आत ओढलं जातं. इथे तळ्याच्या उतारावर बोट सोडताना हेच घडतं. ऑइल दुधाळ दिसलं तर ते पाणी समजावं.

तोवर माझं सीलही कडक होऊन कामातून गेलं होतं, तेव्हा ते बदलणं आलंच. पण पाजींनी आधी शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पिनियनला खेळ आहे का ते पाहिलं. बेअरिंग खिळखिळं असेल तर त्यावर कुठलंच सील टिकत नाही. फ्लँजवर जिथे सीलची कड घासते तिथे नखाला लागेल असा खड्डा पडलाय का, तेही पाहिलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं फ्लँज लेथवर नीट करून घेता येईल. इथे बहुधा त्यावर पातळ स्टीलची बाही चढवतात, नाहीतर सरळ नवीन घेतात.

यातला खरा कौशल्याचा भाग पिनियनच्या नटाचा. तो नट नुसता घट्ट करायचा नसतो. पुष्कळ गाड्यांत पिनियनच्या दांड्यावर, दोन बेअरिंगांच्या मध्ये, दबणारी एक नळी असते, आणि नट जितका आवळावा तितकी ती दबून बेअरिंगवर ताण बसवते. हवेच्या गनने ठोकून आवळला तर ताण जास्त होतो, बेअरिंग तापतं आणि जळतं. सैल राहिला तर पिनियन हलतं आणि दाते झिजतात. म्हणून खोलण्याआधी पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते काट्याच्या छोट्या टॉर्क पान्याने, इंच-पौंडात मोजून ठेवायचं. शाफ्ट, फ्लँज आणि नट यांच्या जागांवर खुणा करायच्या. नवा नट घालून, थोडं थोडं आवळत, परत परत फिरवून, आधीच्या मापाच्या जरासं वर आणून थांबायचं. गॅरेज निवडताना मी आता हाच प्रश्न विचारतो: प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा हा ताण, कसा मोजणार? उत्तर अडखळलं तर गाडी तिथे ठेवत नाही.

ऑइल कुठलं घालायचं, याचं उत्तर हवेवर ठरतं. गावाकडे नव्वद नंबरचं जाड ऑइल वर्षानुवर्षं चालतं. इथे ते गोठल्यासारखं होतं, पहाटे बेअरिंगपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. डब्यावरच्या ग्रेडमध्ये डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा: ८०डब्ल्यूची परीक्षा उणे २६ अंशांना होते, ७५डब्ल्यूची उणे ४० ला. कॅल्गरीत बहुधा ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक लागतं, जड ओढणाऱ्या काही ट्रकना कंपनी ७५डब्ल्यू-१४० सांगते. लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफरन्शियल, असेल तर त्याचं वेगळं फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण बदलणारं रसायन, लागतं, काही ऑइलमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं. आणि घरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: भरायचा बोल्ट आधी उघडून बघा, मगच जुनं ऑइल काढा. वरचा गंजून अडकला तर रिकाम्या डिफरन्शियलसह गाडी जागेवरच राहील. गाडी सपाट जमिनीवर ठेवून भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आलं की बास. गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात, त्या रबर फुगवतात. ब्रीदर मोकळा न करता त्या ओतण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

पैशांचं म्हणाल तर सील स्वस्त, माणसाचा वेळ महाग. इथे मेकॅनिक चार वर्षांची अप्रेंटिसशिप करून परीक्षा देतो, आणि गॅरेजचा तासाचा दर त्यावर उभा आहे. मला तो दर पटतो, कारण त्या नटाचं काम अर्धशिक्षित हातात देणं जास्त महाग पडतं. इथल्या आल्बर्टा प्रांतात गॅरेजला परवाना लागतो, आणि काम सुरू करण्याआधी काय करणार आणि अंदाजे किती लागेल याला तुमची परवानगी घ्यावी लागते. काढलेले जुने भाग परत हवेत का, हेही त्यांनी विचारायला हवं. मी मागून घेतले. सीलची कड बोटाने वाकवली तर तडकली, आणि ब्रीदरच्या टोपीत वाळलेला चिखल होता.

काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पातळी तपासून घेतली, ती तशीच होती. जुनं ऑइल डब्यात भरून शहराच्या संकलन केंद्रावर दिलं. नवीन ऑइल विकत घेतानाच त्याच्या विल्हेवाटीचं शुल्क किमतीत धरलेलं असतं, तिथे वेगळे पैसे लागत नाहीत.