लॅटिमर यांची तार

आजची संध्याकाळ लुईस लॅटिमर यांच्याविषयी वाचण्यात गेली. गुलामगिरीतून निसटलेल्या आई-वडिलांच्या पोटी १८४८ मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाने पेटंट वकिलांच्या कचेरीत पडेल ते काम करता करता, आरेखकांचे हात निरखून रेखाटनकला आत्मसात केली आणि पुढे बेल यांच्या टेलिफोनच्या पेटंटसाठी आकृत्या काढल्या. मला अधिक भावली ती त्यांची १८८२ मधील युक्ती: दिव्यातील कार्बनची तार भाजताना वेडीवाकडी होऊन तुटत असे, म्हणून तिचा कच्चा तुकडा त्यांनी पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवला, जेणेकरून तापल्यावर दोन्ही एकाच प्रमाणात आक्रसावीत. शाळेत आम्ही एडिसन तेवढा घोकला (दोष गुरुजींचा नव्हे). लॅटिमर यांनी १८९० मध्ये विद्युतदिव्यांवर पुस्तकही लिहिले होते. ते मिळवून वाचायचे ठरवले आहे.