गिरनार: अंबाजीच्या पुढचा डोंगर

गिरनारला जायला बोलावणं यावं लागतं, असं दत्तभक्त सांगतात. मला ते मावशीच्या फोनवरून आलं. "तिकिटं काढलीत, गुडघ्याचे पट्टे घेऊन ये."

जुनागढहून भवनाथ तळेटीकडे जाताना रस्त्यालगतच अशोकाचा शिलालेख लागतो. बहुतेकांच्या रिक्षा तिथे थांबत नाहीत. मी मावशीला हट्टाने उतरवलं. एकाच खडकावर अशोकाच्या चौदा आज्ञा, इ.स. १५०च्या सुमाराचा क्षत्रप रुद्रदामनचा संस्कृत लेख आणि पाचव्या शतकातला स्कंदगुप्ताचा. नंतरचे दोन्ही लेख धरणाच्या दुरुस्तीचे. चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने इथे सुदर्शन तलाव बांधला. डोंगरावरून उतरणाऱ्या नद्यांना पूर आला, बांध फुटला. रुद्रदामनने प्रजेवर जादा कर न लादता स्वतःच्या खजिन्यातून तो पुन्हा बांधला, आणि स्कंदगुप्ताच्या काळात तो परत फुटला! त्याच लेखात रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून सोडून दिलं.

"म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहनांना?" मावशीने विचारलं. मी मान डोलावली. "आणि ते दगडावर कोरून ठेवलं मेल्याने!"

रात्रीच चढायला सुरुवात केली. पायऱ्या दहा हजार, असं सगळेच म्हणतात. दगडी पायऱ्यांच्या या वाटेसाठी १८८९च्या सुमारास जुनागढ संस्थानात चक्क लॉटरी काढली होती. भोवती जंगल, त्यात सिंहही आहेत, पण वाटेवर दिवे असतात आणि माणसांची ये-जा थांबत नाही. वरून उतरणारा प्रत्येक जण "जय गिरनारी" म्हणतो. दम लागलेल्या माणसाला उत्तरादाखल तेवढंच बोलता येतं.

नेमिनाथांच्या जैन मंदिरांपाशी उजाडलं आणि दगड नीट दिसले. आपल्या सह्याद्रीत लाव्हाचे आडवे थर एकावर एक दिसतात, तसे इथे नाहीत. दख्खनचा लाव्हा पसरला त्या काळात, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, इथे काही शिलारस बाहेर न पडता जमिनीखालीच थिजला. वरचा बेसाल्ट झिजत गेला आणि हा कठीण गाभा उघडा पडला. तोंड न फुटलेल्या ज्वालामुखीचं पोट आपण चढतोय, हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "पाणी दे आधी."

अंबाजीपर्यंत साधारण निम्म्या पायऱ्या होतात. २०२० पासून रोपवेही इथवर येतो. त्यामुळे अंबाजीच्या आवारात ताजीतवानी माणसं आणि आमच्यासारखी घामेजलेली, अशी सरमिसळ असते. रोपवेने येणाऱ्यांना नावं ठेवणारे मला आवडत नाहीत, कारण खरी परीक्षा पुढेच आहे आणि ती कुणालाच चुकत नाही. गोरखनाथांचं शिखर गुजरातमधलं सर्वांत उंच. तिथे टेकतो न टेकतो तोच वाट सरळ खाली उतरायला लागते. कष्टाने मिळवलेली उंची डोळ्यांदेखत जाते आणि समोर दत्तात्रेयांचा सुळका उभा राहतो. इथे मावशीचं बोलणं थांबलं. "दिगंबरा दिगंबरा" चालू झालं, तेही एका पायरीला एकच शब्द, या हिशेबाने. वारा असा की कठड्याचा हात सोडवेना.

पादुकांपुढे काही क्षणच मिळतात. जागा चिमुकली, मागे रांग. हेच शिखर जैन बांधवांसाठी नेमिनाथांचं निर्वाणस्थान, आणि त्यावरून वाद कोर्टापर्यंत गेलेला आहे. त्या अर्ध्या मिनिटात काही मागायचं मला सुचलं नाही. मावशीने मात्र भराभर नावं घेतली, त्यात तिच्या कामवाल्या बाईंच्या मुलाचंही होतं.

परतताना कमंडलू कुंडाची वाट फुटते. पुन्हा खाली उतरायचं, म्हणजे पुन्हा वर यायचं. तरी गेलो. दर सोमवारी तिथली धुनी आपोआप पेटते असं सांगतात. आम्ही भलत्या वारी पोहोचलो होतो, पण प्रसादाला वार लागत नाही. ताटावर बसल्यावर पाय आपले आहेत याची खात्री पटली.

अंबाजीला परत आलो तर वाऱ्यामुळे रोपवे बंद. मावशीने डोलीवाल्याला दर विचारला. डोलीचं भाडं वजनावर ठरतं, त्याने वजन विचारलं. चार लोकांसमोर.

"चालत उतरते मी," मावशी म्हणाली आणि काठी घेऊन माझ्या पुढे निघाली.